भेटलं ते, गेलं ते

कवडूच्या वावरात पाच बाया धुऱ्यावर, बांधाला लागून, उभ्या होत्या आणि एकही पिकाच्या ओळींमधल्या तासात शिरत नव्हती. वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधून झाल्या होत्या, डोक्याला फडकी गुंडाळून झाली होती, तंबाखूही तोंडात गेली होती. समोर तीन एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अशी फुटली होती की झाडावर हिरवं कमी आणि पांढरं जास्त. आभाळ मात्र खराब होतं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले तरी थंडी पडली नव्हती. बोरच्या जंगलाकडून रोज दुपारी ढग चढायचे. शुक्रवारी रात्रीपासून पाणी आहे, असं सगळ्यांचे मोबाईल सांगत होते, आणि आज मंगळवार होता.

"वेचा ना आता," कवडू म्हणाला. "काय वाट पाहून राह्यल्या?"

"सीतादही कोण करन, भाऊ?" गुलाबबाईनं विचारलं. ती या टोळीची म्होरकी. पन्नाशीची, काटक, आणि बोलायला कोणाला न भिणारी.

पहिल्या वेच्याच्या दिवशी हिंगणीच्या शिवारात प्रत्येक वावरात सीतादही होते. पऱ्हाटीच्या बुडाशी पाच खडे मांडतात, हळदकुंकू वाहतात, दहीभात शिंपडतात, मग कापसाला हात लावतात. कवडूचं घर गावातलं एकुलतं एक ख्रिस्ती घर. त्याच्या वावरात खडे मांडत नसत. त्याची बायको मारथा डोक्यावर पदर घेऊन पहिल्या तासात उभी राहायची, मोठ्यानं प्रार्थना करायची आणि मग पळसाच्या पानावर सगळ्यांना दहीभात वाढायची. लग्नानंतर चौथ्या वर्षापासून, बावीस वर्षं, हे असंच चाललं होतं. कवडू तेव्हा तिकडे गोठ्याजवळ वजनाचा काटा बांधत असायचा. बायांचं काम बायांनी करावं, असं त्याचं.

मारथा श्रावणात वारली.

"मी करतो," तो म्हणाला आणि तासात शिरला. टोपी काढली, डोळे मिटले. आत काहीच नव्हतं. टिटवी ओरडत होती ती ऐकू आली. मानेवर माशी बसली. थोडा वेळ गेल्यासारखा वाटला तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"झालं."

"काय झालं?"

"प्रार्थना."

"आवाज तर नाई आला."

"मनातल्या मनात केली."

देवकाबाई टोळीतली सगळ्यात म्हातारी. ती तोंडाला पदर लावून हसली. "मनातल्या मनात तर म्या बी कापूस वेचला, बापा. जाऊ का घरी?"

बाकीच्याही हसल्या. कवडूच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"कापसाले काय कान हायेत का?" तो ओरडला. "मजुरी भेटते ना तुमाले? मंग देवाधर्माचं तुमाले काय करायचं हाय?"

हसणं थांबलं. गुलाबबाईनं कमरेच्या ओटीची गाठ सोडली, फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं.

"प्रभाकररावच्या वावरात बलावणं हाय आमाले," ती म्हणाली. "चला वं."

पाचही जणी धुऱ्याधुऱ्यानं निघून गेल्या. कवडू टोपी हातात धरून उभा राहिला.

मग त्यानं स्वतःच ओटी बांधली. गड्यामाणसानं कापूस वेचायला बसावं, ही या भागात रीत नाही. गडी काटा धरतो, गठोडं बांधतो, गाडीत भरतो. दुपारपर्यंत त्याला कळलं की बावीस वर्षं आपण ज्या कामाचं वजन करत आलो ते काम आपल्याला येत नाही. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखाजवळची कातडी फाटली. कापसाला पानाचा चुरा लागून येत होता. बाया दोन्ही हातांनी, मान न वळवता वेचत जातात. तो एका हातानं फांदी धरायचा आणि दुसऱ्यानं ओढायचा. कंबर धरली म्हणून गुडघ्यावर आला, गुडघे सोलले म्हणून उभा राहिला. जनावरांच्या भीतीनं दिवस बुडायच्या आत जंगलाच्या कडेचं वावर सोडावं लागतं. तेव्हा त्याची एक ओळ अर्धीही झाली नव्हती.

घरी येऊन तो बसला नाही. श्रावणापासून त्याला बसणं जमत नव्हतं. चांगला चालणारा पंखा त्यानं दोनदा उघडला होता. गोठ्याचं दार उतरवून पुन्हा बसवलं होतं. जेवणाचं ताट घेऊन तो अंगणात फिरायचा आणि घास संपला की ताट कुठे ठेवलं ते शोधायचा. हात रिकामे राहिले की तो रविवार समोर येई.

त्या रविवारी मारथाला ताप होता. अंग भाजत होतं. कवडू म्हणाला, सेवाग्रामला जाऊ. लेक आकांक्षा तिथंच दवाखान्यात नर्स होती. मारथा म्हणाली, उपासना करून जाऊ, गीतं कोण धरन? सेलूच्या प्रार्थनाघरात ती बाजूला ढोलक घेऊन बसली, दोन तास गायली आणि घरी येऊन पडली. सोमवारी पहाटे नेलं. शुक्रवारी ती गेली. एक दिवस आधी आणायला हवं होतं, असं तिथं कोणीच म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. रविवार कोणासाठी मोडला नव्हता, हे कवडूला ठाऊक होतं. ज्याच्यासाठी मोडला नव्हता त्या देवाशी त्यानं तेव्हापासून बोलणं टाकलं होतं.

रात्री आकांक्षाचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाबा, मी येऊन करते ना. पण सुट्टी रविवारी आहे."

"रविवारपर्यंत कापूस झाडावर भिजून पिवळा पडन, बाई."

"मग तुम्ही करा."

"केली म्या."

"कशी केली?" लेकीनं विचारलं. त्यानं फोन ठेवला.

बुधवारी तो पुन्हा एकटा वावरात होता. अकराच्या सुमारास प्रभाकरराव धुऱ्यावर येऊन उभे राहिले. शेजारचं वीस एकर त्यांचं. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याला वाकलेलं पाहिलं की त्याला उभं राहून बोलायला आवडायचं.

"काय कवडू, लुगडंच नेसाचं राह्यलं आता."

"वेचणं हाय, वेचतो."

"अरे, तुया बाया माया वावरात हायेत. मले बरं वाटते का? पाच खडे मांड, दहीभात टाक, उद्या धाडतो त्यायले. आमची आई सांगे, तुया मायनं तीन लेकरं मातीत घातली, चौथा तू. तुले कवडी घेऊन शेजारणीले इकला आन परत घेतला, म्हणून नाव कवडू, म्हणून जगला. तेव्हा तर चालत होतं ना सारं? मंग तुया बापानं देव बदलला. काय केलं त्या देवानं? बाई नेली."

कवडूनं बोंड ओढलं. बोंडाबरोबर फांदीही मोडली.

"खरं हाय," तो म्हणाला. "नेली."

"मंग?"

"भांडण चालू हाय मायं त्याच्यासंग."

"म्हणून तर म्हणतो, सोड त्याले."

"भांडण झालं म्हणून कोणी बाप बदलते का, प्रभाकरराव?"

प्रभाकररावांनी आभाळाकडं पाहिलं. "पाणी येऊन राह्यलं," असं म्हणून ते गेले. खरं तर कवडूलाही आपल्या तोंडून ते वाक्य कसं आलं ते कळलं नाही. दिवसभर ते त्याला कुसासारखं टोचत राहिलं.

संध्याकाळी सेलूहून पास्टर निकेश मोटरसायकलवर आला. तिशीचा पोरगा, शर्ट इस्त्रीचा, बोलणं शिकलेलं. कवडू अंगणात फवारणीचा पंप उघडून बसला होता. पंपाला काहीही झालेलं नव्हतं.

"जय ख्रिस्त, काका."

"या."

"आकांक्षाताईंचा फोन होता. काका, दुःख मोठं आहे, पण प्रभूची काहीतरी योजना असते..."

"थे योजना तुमी पाह्यली का, पास्टर साहेब?"

निकेशनं मोटरसायकलची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नसन पाह्यली तर थे राहू द्या. जे पाह्यलं थे सांगा."

पास्टर बाजेच्या काठावर बसला. मग खाली बघून म्हणाला, "पाहिलं ते असं की त्या रविवारी काकू तापानं थरथरत होत्या. मला दिसत होतं. शेवटचं गीत झाल्यावर त्या ढोलक ठेवायला लागल्या, तर मीच म्हटलं, काकू, अजून एक घ्या."

कवडूच्या हातातला पाना थांबला. हे त्याला माहीत नव्हतं. समोरच्या पोराच्या मानेवर घाम आला होता.

"झोप लागते का तुमाले?" त्यानं विचारलं.

"नाही लागत, काका."

"बरं हाय. मंग दोघं झालो."

त्यानं पाना पुन्हा फिरवायला घेतला. जरा वेळानं म्हणाला, "एक सांगा. खोटे आभार मानले तर चालतात का? बायायसाठी. कापसासाठी."

"खोटे नाही चालत."

"आन रागाचे?"

"ते मला कुणी शिकवलं नाही," निकेश म्हणाला. "पण तोंड फिरवून गप्प बसण्यापेक्षा बरे असतील."

त्याला चहा करून द्यावा हे कवडूला तो गेल्यावर सुचलं.

गुरुवारी उजाडताच तो गुलाबबाईच्या घरी गेला. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. कवडू दाराशी उभा राहिला.

"चुकलो, बाई. त्या दिवशी बोलाले नाई पाह्यजे होतं."

"कापसाले कान नसन, भाऊ. आमाले हायेत."

"हाव."

"तुमाले का वाटते, आमी दहीभातासाठी अडून बसलो?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुमाले माहीत तरी हाय का, मारथाबाई काय करे?"

"प्रार्थना करे."

"आधी इचारे. धुऱ्यावर एकेकीजवळ येऊन इचारे, या साली तुले काय भेटलं, काय गेलं? आमी सांगो. मंग थे दोन्ही देवाले सांगे. नाव घेऊन. गुलाबले हे भेटलं, गुलाबचं हे गेलं. माया घरी मायं नाव कोणी घेत नाई, भाऊ. बुढे म्हणतात, अवं म्हणतात. सालातून एक रोज कोणी माया नावानं देवासंग बोले. देव कोणाचा, थे आमी नाई इचारलं."

बावीस वर्षं कवडू तिथून पन्नास पावलांवर काटा बांधत होता.

"आन आखरीले म्हणे," गुलाबबाई सांगू लागली, "दोन्ही तुयाच हातचं, दोन्हीसाठी तुले नमस्कार."

"गेलं त्याच्यासाठी बी?"

"हाव, त्याच्यासाठी बी."

"थे मले नाई जमत, बाई."

"मंग जमन तेवढं म्हणा. पण मोठ्यानं म्हणा." तिनं भाकरी उलटली. "सांगा बरं, माया टोळीत कोण कोण हाय?"

"तुमी. देवकाबाई." तो अडला. बाकीच्या तिघी त्याला पदरावरून माहीत होत्या. एक लाल लुगड्याची, एक उंच, एक पोरसवदा. त्यांच्या गठोड्यांचं वजन त्यानं वर्षानुवर्षं केलं होतं.

गुलाबबाईनं त्याला उत्तराची वाट पाहत बराच वेळ उभं ठेवलं. मग म्हणाली, "उद्या सकाळी येतो. दिवस बुडेपर्यंत जमन तेवढं वेचून घेऊ, रातच्या पाण्याच्या आधी."

शुक्रवारी पहाटे त्यानं भात टाकला. तो खालून लागला. वरचा वरचा काढून त्यात दही कालवलं आणि भाताचा गंज, ते पातेलं, घेऊन वावरात गेला. ढग खाली आले होते. वारा पडला होता आणि अंगाला चिकट घाम येत होता. पाच जणी धुऱ्यावर तशाच उभ्या होत्या, ओट्या बांधून.

कवडू त्यांच्यासमोर उभा राहिला. हात कुठे ठेवावे ते कळेना, म्हणून त्यानं टोपी दोन्ही हातांत धरली.

"मले तुमची नावं माहीत नाईत," तो म्हणाला. "सांगा."

लाल लुगड्याची बाई लाजली. "रुख्मा."

"रुख्माबाई, या साली काय भेटलं? काय गेलं?"

"पोरगं जाम गावाले हॉटेलात लागलं. पोरगी नांदत होती थे परत आली." ती थांबली. "पोरगी परत आली थे भेटलं का गेलं, थे तुमीच पाहा."

"तशीच सांगतो."

देवकाबाई स्वतःच पुढं आली. "डोळ्याचं आपरेशन झालं. आता सारं साफ दिसते. बुढ्याचं तोंड बी साफ दिसते, थे नुकसान लिवा." एकच हशा झाला. कवडूच्याही ओठाचा कोपरा हलला. श्रावणापासून पहिल्यांदाच हलला असावा, कारण त्याला तो दुखल्यासारखा वाटला.

पोरसवदा होती ती गुंजन. बारावी पास झाली ते भेटलं, पुढं शिकवत नाहीत ते गेलं. उंच होती ती मंजुषा. ती म्हणाली, "मायं काईच नाई. ना भेटलं, ना गेलं. कोरडं गेलं साल."

"असं सांगू?"

"सांगा ना. खरं हाय थे."

गुलाबबाई शेवटी राहिली. ती पऱ्हाटीकडं पाहत होती.

"नातू झाला," ती म्हणाली. "आठव्या रोजी गेला."

कवडूला हे माहीत नव्हतं. अख्ख्या गावाला माहीत असणार.

तो तासात शिरला. डोळे मिटले नाहीत, कारण मिटले की टिटवी ऐकू येते हे त्याला माहीत झालं होतं. समोरच्या बोंडाकडं पाहत त्यानं मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. आवाज चिरकला. बैलाला हाक मारावी तसा तो निघाला.

"ऐकून राह्यला का? मी कवडू. लय दिवस झाले. मी माया कामासाठी नाई आलो. ही रुख्माबाई हाय. हिचं पोरगं कामाले लागलं. हिची पोरगी घरी आली, काऊन आली थे तुले माहीत. ही देवकाबाई, हिले दिसाले लागलं. ही गुंजन. पास झाली, शिकाचं हाय, घरचे नाई म्हणतात. ही मंजुषाबाई. हिले तू काईच नाई देल्लं. तिनं सांगाले लावलं म्हणून सांगून राह्यलो. आन गुलाबबाई..."

इथं तो थांबला. मागं वळला.

"बाई, थे आखरीचं... तुमच्या नातवासाठी म्हणू का? नमस्कार? माया तोंडातून निघन असं वाटत नाई."

गुलाबबाईनं पदरानं नाक पुसलं. "म्हणा," ती म्हणाली. "आठ रोज होता ना. आठ रोज माया मांडीवर होता. थे कोणी देल्ले मंग?"

कवडू तिच्याकडं पाहत राहिला. मग पुन्हा पऱ्हाटीकडं तोंड करून त्यानं ते म्हटलं. हळू म्हटलं, पण म्हटलं. "गुलाबबाईले नातू भेटला. नातू गेला. दोन्ही तुयाच हातचं. दोन्हीसाठी तुले नमस्कार."

बाया हलल्या नाहीत. जंगलाकडं गडगडलं.

"आन तुमचं?" गुलाबबाईनं विचारलं.

"मायं काय?"

"भेटलं काय, गेलं काय?"

"तुमाले माहीत हाय."

"आमाले माहीत हाय. त्याले सांगा."

कवडूनं तोंड उघडलं. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला नावानं हाक मारली नव्हती. इकडं कोणी मारत नाही. आधी अवं, मग आकांक्षाची आई. दवाखान्यातल्या कागदावर नाव सांगायचं होतं तेही लेकीनं सांगितलं होतं.

"मारथा," तो म्हणाला. टोपी त्याच्या हातात पिळली गेली. "मारथा गेली. मले राग हाय. तुयाच घरी गात बसली होती थे, आन तू पाहत होता. हा राग जाईन का नाई, मले माहीत नाई. पण कुठं जाऊन सांगू? दुसरं घर मले माहीत नाई."

त्यानं श्वास घेतला. आणखी काही राहिलं होतं. आठ दिवसांचं जर भेटलेलं असतं, तर त्याच्या सव्वीस वर्षांचं काय.

"मारथा भेटली," तो म्हणाला. "आधी थे सांगाचं राह्यलं. भेटली होती. वीस सालाची होती, ढोलक घेऊन आली होती सासरी. माया मायनं डोक्याले हात लावला. मले भाकर थापाले शिकवाले पाहे, म्या शिकलो नाई. आकांक्षा झाली तवा पाणी लय होतं, नाल्याले पूर होता, बैलगाडी..."

"आमेन," गुलाबबाई हलकेच म्हणाली. बाकीच्या चौघींनी तिच्या मागं म्हटलं, जमेल तसं. मग पाच जणी पाच तासांत शिरल्या आणि दोन्ही हातांनी वेचायला लागल्या. पाणी यायला अजून अख्खा दिवस होता.

कवडू तिथंच उभा राहून सांगत होता. बैलगाडीचं झालं, मग मारथानं लावलेल्या सीताफळाचं, मग एका साली दोघांनाही हिवताप आला आणि दोघांनी एकाच वाटीतून पेज खाल्ली त्याचं. बाया ओळीत निम्म्यापर्यंत गेल्या तरी त्याचं भेटलेलं संपलं नव्हतं.